अस्तराची बाजू : एलिझाबेथ केकली आणि तिचे आत्मकथन

१८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, त्या वर्षीची गोष्ट. युद्धात मेलेल्या आणि जखमी झालेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांना साहाय्य करण्यासाठी शिकागो शहरी एक मोठे प्रदर्शन भरले होते. त्यात पराभूत दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याचा मेणाचा पुतळा उभा केला होता आणि त्या पुतळ्याच्या अंगावर बायकी झगा चढवला होता. डेव्हिस पकडला गेला तो बायकोचे कपडे घालून पळत असताना, अशी वदंता तेव्हा उत्तरेत पसरली होती. प्रत्यक्षात त्याच्या अंगावर पावसाळी अंगरखा आणि पत्नीची शाल होती. पण जेत्यांना हसायला झगाच हवा होता. पुतळ्याभोवती सतत गर्दी असे. त्या गर्दीतून वाट काढीत एक कृष्णवर्णीय स्त्री पुढे आली, तिने झगा निरखून पाहिला आणि ओळखला. तो तिनेच शिवला होता, डेव्हिसच्या पत्नीसाठी, युद्धापूर्वी. ही बातमी फुटताच जल्लोष झाला आणि लोक पुतळा सोडून तिच्या मागे लागले. संकोचून तिने प्रदर्शनातून काढता पाय घेतला.

हा प्रसंग त्या स्त्रीने स्वतःच लिहून ठेवला आहे. तिचे नाव एलिझाबेथ केकली. झगा छिटाचा होता. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ हा शब्द आपल्याकडच्या छिटावरूनच गेलेला आहे, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही. त्या पुतळ्यावरचा झगा खरोखर तोच होता काय, याची शहानिशा आज कोणी करू शकणार नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते निराळेच. आपला टाका ओळखणारी बाई आणि टाका ओळखला म्हणून तिच्या मागे धावणारा जमाव, या दोहोंत तिच्या उभ्या आयुष्याचा आकार सापडतो. तिला ज्या क्षणी लोकांनी पाहिले, त्या क्षणी ते तिला पाहत नव्हतेच. तिने ज्यांना कपडे घातले त्यांना ते पाहत होते.

केकलीचे पुस्तक १८६८ साली न्यूयॉर्कच्या कार्लटन या प्रकाशकाने काढले. त्याच्या नावाचे मराठी करावयाचे तर ‘पडद्यामागे, अथवा तीस वर्षे गुलाम आणि चार वर्षे व्हाइट हाउसमध्ये’ असे होईल. लिंकन दाम्पत्याच्या घरगुती जीवनाविषयी लिहिणारे या पुस्तकाकडे वारंवार जात आले आहेत. लिंकन बायकोशी कसे बोलत, मुलगा गेला तेव्हा ते कसे कोसळले, हे सारे तेथे मिळते. या उपयोगामुळेच पुस्तकावर एक अन्याय झाला आहे. ते ‘साधन’ म्हणून वाचले गेले, आत्मकथन म्हणून कमी वाचले गेले. आत्मकथन म्हणून वाचू लागलो की जो प्रश्न उभा राहतो तो असा : दुसऱ्यांना झाकण्याचे आणि नटवण्याचे काम जिने आयुष्यभर केले, तिने स्वतःविषयी लिहावयास घेतले, तेव्हा तिने काय उघडे केले आणि काय झाकले?

एलिझाबेथचा जन्म १८१८ सालचा, व्हर्जिनियातील डिनविडी परगण्यातला. आई अ‍ॅग्नेस ही बर्वेल कुटुंबाची गुलाम होती आणि शिवणकाम तिच्याकडेच होते. मालक आर्मिस्टेड बर्वेल हाच एलिझाबेथचा जन्मदाता होता. पण ज्याला ती बाप म्हणून ओळखत होती तो जॉर्ज हॉब्ज दुसऱ्या मालकाचा गुलाम होता, आणि तो मालक पश्चिमेकडे निघाला तेव्हा हॉब्जची त्याच्या बायकोमुलीपासून कायमची ताटातूट झाली. चार वर्षांच्या एलिझाबेथला मालकाच्या तान्ह्या मुलीचा पाळणा हलवण्याचे काम दिले होते. तिने उत्साहाच्या भरात पाळणा इतका जोरात हलवला की बाळ खाली पडले. घाबरलेल्या पोरीने ते शेगडीच्या फावड्याने उचलण्याचा प्रयत्न केला. त्याबद्दल तिला आयुष्यातले पहिले फटके मिळाले. हा प्रसंग ती फारसा आक्रोश न करता सांगते. त्या वयाच्या मुलाच्या हातात मूल देणाऱ्या व्यवस्थेविषयी वेगळे भाष्य करण्याची गरज तिला वाटत नाही.

पुढे नॉर्थ कॅरोलायनातील हिल्सबरो येथे तरुण वयात तिला निष्कारण चाबकाने मारले गेले. तेथील एका गोऱ्या गृहस्थाने चार वर्षे तिच्यावर बळजबरी केली आणि त्यातून तिला जॉर्ज हा मुलगा झाला. चाबकाच्या प्रसंगाला पुस्तकात काही पाने आहेत. या चार वर्षांना काही ओळी. हा विषय आपल्याला वाढवावयाचा नाही, असे ती सरळ सांगते आणि पुढे जाते. त्या माणसाचे नावही ती घेत नाही. पुस्तकातील मौनांपैकी हे पहिले. पुढे जो आरोप तिच्यावर झाला तो ‘घरातले बाहेर सांगितले’ असा होता, म्हणून हे मौन ध्यानात ठेवावयास हवे.

१८४७ च्या सुमारास बर्वेलांच्या कन्येच्या सासरी, गार्लंड कुटुंबाबरोबर, ती सेंट लुइसला आली. गार्लंड वकील होता, पण घर ओढगस्तीचे होते. घरच्यांनी तिच्या वृद्ध आईला मोलमजुरीसाठी बाहेर पाठवण्याचा घाट घातला, तेव्हा एलिझाबेथने शिवणकाम मिळवले आणि आपल्या सुईवर सतरा माणसांना दोन वर्षे पाच महिने पोसले. मालक, मालकीण, त्यांची मुले आणि गुलाम, सगळे मिळून सतरा. हा आकडा ती स्वतःच देते, हिशेबाच्या वहीतला वाटावा इतक्या कोरडेपणाने. मालकाने गुलामाला पोसावयाचे असते, या गुलामगिरीच्या समर्थकांच्या लाडक्या युक्तिवादाला याहून मोठे उत्तर कोणते असेल?

तिने स्वतःची आणि मुलाची मुक्तता विकत मागितली. गार्लंडने प्रथम नकार दिला. मग एके दिवशी चांदीचे नाणे पुढे करून म्हणाला, जावयाचेच असेल तर हे घे आणि होडीने मिसिसिपी ओलांड. पलीकडे मुक्त राज्य होते. तिने नाणे नाकारले. तिला पळून जावयाचे नव्हते, कायद्याने मोकळे व्हावयाचे होते. अखेर दोघांची किंमत १२०० डॉलर ठरली. पैसे उभे करण्यासाठी न्यूयॉर्कला जावे तर ती परत येईल याची हमी सहा गृहस्थांनी सही करून द्यावयाची होती. सहाव्याने सही देऊ केली, पण तू परत येणार नाहीस हे मी जाणून आहे असेही सुनावले. तिने ती सही घेतली नाही. न्यूयॉर्कचा बेत तिथेच राहिला. मग तिच्याकडून कपडे शिवून घेणाऱ्या सेंट लुइसच्या स्त्रियांनी आपसांत पैसे जमवून दिले. ते तिने उसने म्हणून घेतले आणि शिवणकाम करून फेडले. १८५५ च्या नोव्हेंबरात ती आणि तिचा मुलगा मुक्त झाले.

१८६० साली ती वॉशिंग्टनला आली. राजधानीत तिची कीर्ती पसरली ती बेतण्याच्या कौशल्यावर. त्या काळचा बायकी झगा म्हणजे कमरेपर्यंत अंगाला घट्ट बसणारा आणि खाली अनेक वार कापडाचा घेर असणारा. घेर कोणालाही शिवता येतो. कसब लागते ते वरच्या भागाला. कापड अंगावर धरून, टाचण्या लावून, खांद्यापासून कमरेपर्यंतच्या प्रत्येक तुकड्याचा बेत त्या एका बाईसाठी नव्याने काढावा लागे. त्यामुळे शिवणारी गिऱ्हाइकाच्या खोलीत तासन्‌तास असे. बाई अर्धवट कपड्यांत उभी, तोंडात टाचण्या धरलेली शिवणारी गुडघ्यावर बसलेली, आणि शेजारी नवरा किंवा मैत्रीण राजकारणाच्या गप्पा मारीत आहे : अशा स्थितीत शिवणारीपुढे कोणी बोलणे आवरत नाही, कारण ती तेथे आहे असे कोणी धरतच नाही.

सेनेटर डेव्हिसच्या पत्नीकडे, व्हरिना डेव्हिसकडे, हेच घडले. १८६० च्या नाताळच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत ती डेव्हिससाठी रेशमी घरगुती अंगरखा शिवीत बसली होती. दक्षिणेच्या फुटून निघण्याची खलबते त्या घरात चालत. जाण्यापूर्वी व्हरिनाने तिला आपल्याबरोबर दक्षिणेत येण्याचा आग्रह केला आणि युद्ध होणार हे मोकळेपणाने सांगून टाकले. केकलीने विचार करून नकार दिला. उत्तर बलवान आहे आणि उत्तरेच्या बाजूनेच आपल्या लोकांचे हित आहे, हा तिचा हिशेब होता. टाचण्या लावता लावता तिने देशाचे राजकारण नीट ऐकले होते.

४ मार्च १८६१ रोजी लिंकन यांचा शपथविधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी ती मेरी लिंकनपुढे उभी राहिली. आणखी तिघी शिवणाऱ्या तेथे आलेल्या होत्या. हिला शेवटी बोलावले गेले. डेव्हिसांकडे काम केल्याचे ऐकून मेरीबाईंना समाधान वाटले. पण आम्ही पश्चिमेकडून आलेले गरीब लोक, फार दर परवडणार नाही, असेही त्यांनी बजावले. पहिले काम पाणीदार झाक असलेल्या गुलाबी रेशमाचे होते. ऐन समारंभाच्या संध्याकाळी झगा वेळेवर आला नाही म्हणून मेरीबाई रुसून बसल्या. केकलीने त्यांची समजूत घातली, केस विंचरले, झगा चढवला. लिंकन आत आले आणि त्यांनी बायकोचे कौतुक केले. त्या वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी तिने मेरीबाईंसाठी पंधरा-सोळा झगे शिवले.

हे कपडे नुसती हौस नव्हती. सीमेवरच्या केंटकी राज्यातून आलेली, दोन्हीकडून संशयाने पाहिली जाणारी ही बाई राजधानीतील खानदानी स्त्रियांपुढे उभी राहत होती ती कपड्यांच्या बळावर. ती कर्जही कपड्यांसाठीच काढत होती. १८६४ साली आपण सत्तावीस हजार डॉलर देणे लागतो आणि नवऱ्याला हे ठाऊक नाही, असे तिने केकलीजवळ कबूल केल्याचे पुस्तकात आहे. राष्ट्राध्यक्षाला ठाऊक नव्हते ते त्यांच्या बायकोच्या शिंपिणीला ठाऊक होते.

त्या दोघींना जोडणारा धागा मात्र कापडाचा नव्हता. केकलीचा मुलगा जॉर्ज गोरा म्हणून नाव नोंदवून उत्तरेच्या सैन्यात भरती झाला. कृष्णवर्णीयांना तेव्हा सैन्यात घेत नसत. १८६१ च्या ऑगस्टमध्ये मिसुरीतील विल्सन्स क्रीकच्या लढाईत तो मारला गेला. सहा महिन्यांनी, २० फेब्रुवारी १८६२ रोजी, लिंकनांचा अकरा वर्षांचा मुलगा विली तापाने गेला. त्याच्या देहाला शेवटची आंघोळ घालून कपडे केले ते केकलीने. लिंकनांचे रडणे तिने तेव्हा पाहिले आणि ती पाने पुढे असंख्य चरित्रकारांनी उचलली. जॉर्ज सॉन्डर्स यांच्या ‘लिंकन इन द बार्डो’ या २०१७ च्या कादंबरीतही केकलीचे उतारे आहेत. स्वतःच्या मुलाच्या मृत्यूला मात्र तिने जेमतेम काही वाक्ये दिली. पंधरा प्रकरणांच्या या पुस्तकात तिची गुलामगिरीतील सारी वर्षे पहिल्या तीन प्रकरणांत आटोपतात. आपल्या दुःखाला आत दुमडून दुसऱ्याचे दुःख दर्शनी बाजूला ठेवावयाचे, ही तिच्या लेखनाची घडण आहे. तिला आम्ही केवळ नम्रता म्हणणार नाही. गोऱ्या वाचकाला कोणाचे अश्रू पाहावयाचे आहेत, हे ती जाणून होती.

याच काळात, १८६२ साली, युद्धामुळे राजधानीत आलेल्या निराधार मुक्त गुलामांसाठी तिने मदत संस्था काढली. मेरीबाईंनी दोनशे डॉलर दिले. लिंकनांच्या चरित्रांत हे बहुधा तळटीपेत जाते. केकलीच्या आयुष्यात ते मध्यभागी होते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये लिंकनांचा खून झाला आणि मेरीबाईंनी पहिली आठवण काढली ती हिची. दोन वर्षांनी, १८६७ साली, पैशाच्या विवंचनेत सापडलेल्या मेरीबाई ‘मिसेस क्लार्क’ असे खोटे नाव धारण करून न्यूयॉर्कला आपले जुने कपडे विकावयास निघाल्या, तेव्हा केकली आपले दुकान सोडून त्यांच्याबरोबर गेली. दलालांनी गुपित वर्तमानपत्रांत फोडले. कपडे मांडले गेले, लोकांनी ते हाताळून पाहिले, टवाळी केली. विक्री जवळजवळ झालीच नाही. केकलीला तिच्या वेळाचे पैसे मिळाले नाहीत. पुस्तक लिहिण्याचे कारण तिने प्रस्तावनेत दिले आहे : मेरीबाईंची बाजू जगापुढे यावी, आणि त्यांच्या निकट राहिल्यामुळे आपल्यावरही जो डाग येतो तो धुतला जावा.

परिणाम उलटा झाला. पुस्तकाच्या शेवटी मेरीबाईंनी केकलीला लिहिलेली खाजगी पत्रे छापली होती. ती संपादकाने विश्वासघाताने छापली असे केकलीच्या परिचितांकडून पुढे नोंदले गेले. हे मान्य केले तरी पुस्तकावर तिचे नाव होते आणि जबाबदारी तिच्याकडेच आली. वर्तमानपत्रे तुटून पडली. तिच्या पुस्तकाचे एक हिणकस विडंबन निघाले. त्यात लेखिका सहीऐवजी फुली मारणारी निरक्षर बाई म्हणून रंगवली होती. लिंकनपुत्र रॉबर्ट याने पुस्तकाच्या प्रती दाबल्या असे मानले जाते. मेरीबाईंनी संबंध तोडले आणि त्याच वर्षीच्या एका पत्रात तिच्या वर्णाचा उल्लेख करून तिला ‘इतिहासकार’ म्हणून हिणवले. शिवी म्हणून वापरलेला हा शब्द आज आम्हांस नेमका वाटतो.

तिने विश्वासघात केला काय? आम्ही हा प्रश्न टाळू इच्छीत नाही. पत्रे छापणे चूकच होते. जिवंत, आजारी मनाच्या बाईची ती पत्रे होती. परंतु त्या काळी मेरीबाईंविषयी वाटेल ते छापणाऱ्या गोऱ्या वार्ताहरांना कोणी ‘घरभेदी’ म्हटले नाही. राग सांगितलेल्या मजकुराचा कमी आणि सांगणारीचा अधिक होता. पडद्यामागच्या व्यक्तीवर विश्वास ठेवला जातो तो ती बोलणार नाही या गृहीतावर. ती बोलली की जुना सारा विश्वास तिच्या डोक्यावर कर्ज म्हणून चढवला जातो.

मराठी वाचकाला येथे दोन गोष्टी आठवाव्यात. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका लिहिली ती अमेरिकेतील गुलामांच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांच्या सन्मानार्थ. त्या अर्पणपत्रिकेच्या पाच वर्षे आधी एका मुक्त स्त्रीने स्वतः लिहिले होते आणि त्याच अमेरिकेने तिला गप्प केले होते. दुसरी गोष्ट आत्मकथनांची. दलित आत्मकथने आली तेव्हा ‘हे तुम्हीच लिहिले काय?’ आणि ‘घरचे चव्हाट्यावर का मांडता?’ हे दोन प्रश्न आपणही विचारले. केकलीला दोन्ही विचारले गेले. १९३५ साली तर एका पत्रकाराने अशी बाई झालीच नाही, पुस्तक एका गोऱ्या लेखिकेचे आहे, असे म्हटले. जॉन वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय अभ्यासकाने तिला ओळखणाऱ्या माणसांच्या साक्षी गोळा करून ते खोडून काढले आणि १९४२ साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले. तिचे आडनावही छापील पुस्तकाने बदलून टाकले होते. ती स्वतः सही करताना त्यात शेवटून दुसरे ‘ई’ हे अक्षर घालीत नसे, हे जेनिफर फ्लाइशनर यांच्या २००३ च्या ग्रंथामुळे सर्वांच्या ध्यानी आले.

पुढची वर्षे अवघड गेली. गिऱ्हाइके पांगली. १८९२ साली ओहायोतील विल्बरफोर्स विद्यापीठात ती शिवणकाम शिकवावयास गेली. २६ मे १९०७ रोजी वॉशिंग्टनमधील निराधार स्त्रिया व मुलांच्या आश्रमात तिचे निधन झाले. १९६० साली ते कब्रस्तान हलवले तेव्हा तिचे अवशेष दुसरीकडे नेले गेले आणि कोणतीही खूण न ठेवता पुरले गेले. नावाचा दगड बसला तो २०१० मध्ये.

तिच्यासारख्यांची ही कहाणी तिच्याबरोबर संपली नाही. १९५३ साली जॅकलीन बूव्हिए यांनी जॉन केनेडींशी लग्न केले तेव्हा त्यांचा हस्तिदंती रेशमाचा झगा अ‍ॅन लो या कृष्णवर्णीय शिल्पकारिणीने घडवला होता. तिची पणजी गुलामगिरीत शिवणकाम करणारी होती. लग्नाच्या थोडे दिवस आधी कामाच्या जागी पाणी शिरून कपडे नासले. तिने पदरचे पैसे घालून ते पुन्हा शिवले. वर्तमानपत्रांनी झग्याचे रकाने भरून वर्णन केले. शिवणारीचे नाव बहुतेकांनी दिले नाही.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मेरी लिंकन यांचा एक जांभळ्या मखमलीचा झगा आहे. तो केकलीने शिवला असावा असे मानतात. शिवणारीने आतून नाव टाचण्याची रीत तिच्या वाट्याला आली नव्हती, म्हणून हा ‘असावा’ कायमचा राहणार. सुदैवाने तिने पुस्तक लिहिले आणि त्यावर नाव घातले. आत्मचरित्राचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते लिंकनसाठी न वाचता तिच्यासाठी वाचावे, आणि ज्या जागी ती विषय वाढवीत नाही त्या जागी थोडे थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.